उन्हाळ्याचं अत्तर: निवडावं कसं, लावावं कसं



आज आपण अत्तराबद्दल बोलणार आहोत. "इथं पाण्याच्या टँकरची वाट बघतोय आणि ह्या बाया अत्तर घेऊन बसल्या," असं कुणाच्या मनात आलं असेल, तर तेही बरोबरच आहे. पण जरा आठवून बघा. लग्नसराई लागली की आठवडी बाजारात शंभर-दीडशे रुपयांच्या फुसफुस करणाऱ्या बाटल्यांची रांग लागते आणि प्रत्येक घरात त्यातली एक तरी येतेच. कुणाच्या मानेवर पुरळ उठतं, कुणाचं डोकं दुखतं, कुणाच्या नव्या साडीवर डाग पडतो, आणि वास तर मांडवात पोचायच्या आत उडून गेलेला असतो. पैसा आपला, अंगही आपलंच. मग त्यातलं थोडं कळलेलं बरं, नाही का?

म्हणून आमच्या गटानं यंदा चैत्रात एक गोष्ट केली. आम्ही चौदाजणी. प्रत्येकीनं पन्नास रुपये काढले, म्हणजे सातशे रुपये जमले. त्यात लहान कुप्यांमधली चार अत्तरं आणली: वाळा, मोगरा, गुलाब आणि मातीचं अत्तर. मोठ्या कंपनीची नव्हेत, थोडा थोडा माल काढणाऱ्या छोट्या अत्तरवाल्यांची. चार आठवडे ती आळीपाळीनं वापरली आणि दर शुक्रवारच्या बैठकीत हिशेबाच्या वहीशेजारी एक वेगळी वही ठेवून कुणाला काय वाटलं ते लिहिलं. त्या वहीतलं आणि त्यानिमित्तानं आम्ही वाचलेलं-विचारलेलं असं दोन्ही आज सांगतो.

अत्तर आपल्याला नवं नाही

चैत्रगौरीचं हळदीकुंकू डोळ्यांपुढे आणा. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर बोलावणी होतात. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, मोगऱ्याचा गजरा, मनगटाला अत्तराचं बोट आणि वरून गुलाबपाण्याचा शिडकावा. सगळा थाट उन्हाळ्याला धरून आहे. पोटाला थंड, डोळ्यांना थंड आणि नाकालाही थंड. पिण्याच्या माठात वाळ्याची जुडी टाकणं, खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारणं, हेही त्यातलंच. म्हणजे ऋतू बघून वास निवडायचा, हे शहाणपण आपल्या आज्यांकडे होतं.

अत्तराच्या धंद्यातले जुने लोकही अशीच वाटणी करतात. वाळा, गुलाब, केवडा, मोगरा, माती ही उन्हाळ्याची अत्तरं. हिना, शमामा, कस्तुरी, अंबर, ऊद ही थंडीची. अत्तरानं अंगाचा ताप उतरत नाही, हे खरं. पण या वाटणीमागे साधं कारण आहे. वास म्हणजे हवेत उडणारे बारीक कण. ऊन आणि अंगाची उष्णता वाढली की ते भराभर उडतात. थंडीत जो वास मंद वाटतो, तोच वैशाखात अंगावर धावून आल्यासारखा होतो. हिन्यासारखं जड, उबदार अत्तर भर उन्हात लावून एस. टी.त बसलात, तर शेजारची बाई खिडकीकडे तोंड करून बसेल!

हे अत्तर येतं कुठून

आपल्या देशात अत्तराचं मोठं गाव म्हणजे उत्तर प्रदेशातलं कन्नौज. तिथल्या अत्तराला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तिथली जुनी रीत आपल्याला समजायला सोपी आहे, कारण ती चुलीवरचीच आहे. तांब्याचं मोठं भांडं असतं, त्याला देग म्हणतात. त्यात फुलं आणि पाणी घालून झाकण मातीनं लिंपून टाकतात. खाली जाळ. भांड्यातून निघणारी वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. त्याचं नाव भपका. भपका थंड पाण्यात बसवलेला असतो आणि त्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. वाफ निवते, पाणी खाली राहतं आणि फुलाचा वास त्या तेलात मुरतो. हेच रोज नव्या फुलांवर पुन्हा पुन्हा केलं की अत्तर तयार.

वाळ्याचं अत्तर त्या गवताच्या मुळांपासून निघतं. तांब्याच्या भांड्यात काढलेल्या वाळ्याला हिरवट झाक येते. पण नुसता हिरवा रंग बघून फसू नका, रंग वरूनही घालता येतो. केवड्यासाठी ओडिशातला गंजाम जिल्हा प्रसिद्ध आहे. आणि मातीचं अत्तर तर ऐकून आमच्या गटात कुणाचा विश्वासच बसेना. भाजलेल्या मातीचे तुकडे आणि चकत्या देगीत घालून त्यातून वास काढतात. कुपी उघडली तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "अगं, हा तर वळवाचा वास!"

त्या अगदी बरोबर बोलल्या. तापलेल्या भुईवर पहिला पाऊस पडला की जो वास येतो, त्याचा अभ्यास इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघा शास्त्रज्ञांनी केला आणि १९६४ साली त्याला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. त्यांच्या लेखात कन्नौजकडच्या मातीच्या अत्तराचा उल्लेख आहे. शास्त्रज्ञांनी नाव ठेवण्याच्या आधीच आपल्याकडच्या कारागिरांनी तो वास कुपीत भरला होता.

कुपीतला माल ओळखावा कसा

आता पैशाचं बोलू. एक किलो शुद्ध गुलाबतेल काढायला साधारण तीन ते पाच हजार किलो फुलं लागतात. बाजारात आपण पावशेर गुलाब घेतो तेव्हा किती मोजतो ते आठवा, आणि मग सांगा, दीडशे रुपयांच्या कुपीत शुद्ध गुलाब कसा असेल? नसतोच. त्यात थोडं अत्तर आणि बाकी पाया असतो, किंवा सगळाच वास कारखान्यात बनवलेला असतो. चंदनाचं तेल महाग झाल्यापासून पुष्कळजण पायाला पॅराफिनसारखं स्वस्त, बिनवासाचं तेल वापरतात. हे वाईटच, असं आमचं म्हणणं नाही. बनवलेला वासही चांगला असू शकतो. पण स्वस्त माल शुद्ध म्हणून महाग विकला, तर ती फसवणूक.

म्हणून विकत घेताना आम्ही तीन प्रश्न विचारले, तुम्हीही विचारा. पहिला: याचा पाया कशाचा, चंदनतेल, दुसरं तेल की स्पिरिट? दुसरा: बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायचं ते बाटलीवर छापलंय का? तिसरा: लहान नमुना मिळेल का? छोट्या अत्तरवाल्यांचा हा एक फायदा असतो. ते दोन-तीन मिलिलिटरची कुपी देतात. पन्नास मिलिलिटरची मोठी बाटली घेऊन ती कपाटात पडून राहण्यापेक्षा तीन लहान कुप्या बऱ्या. आम्हाला ज्या दुकानदारानं "ताई, हे शुद्ध नाही, पायात मिसळलेलं आहे" असं स्वतःहून सांगितलं, त्याच्याकडूनच आम्ही माल घेतला.

वास पारखायची रीत

दुकानात उभं राहून दहा बाटल्या हुंगल्या तर सगळ्या सारख्याच वाटतात. नाक दमतं. एका वेळी तीनच वास घ्या. मध्येच स्वतःच्या पदराचा किंवा कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, म्हणजे नाक पुन्हा ताळ्यावर येतं.

आधी कागदाच्या पट्टीवर थेंब घ्या. बरा वाटला तर मनगटावर लावा. पण मनगटं एकमेकांवर घासू नका, नुसतं टेकवा. लगेच मत देऊ नका. पहिली पाच-दहा मिनिटं हलके वास उडतात, म्हणजे लिंबू-संत्र्याच्या जातीचे. मग फुलांचा वास वर येतो. शेवटी मुळं, लाकूड, डिंक यांचा वास उरतो आणि तोच तासन्‌तास राहतो. म्हणून थेंब लावून बाजारातली बाकीची खरेदी करा. तासाभरानं वास आवडला, तरच पैसे द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अंगाला सोसतंय का ते बघा. कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावा आणि दोन दिवस वाट बघा. खाज, लाली, पुरळ काही आलं तर ते अत्तर तुमचं नव्हे, मग ते कितीही शुद्ध असो. निसर्गातलं म्हणजे निरुपद्रवी, हा समज सोडून द्या. खाजकुयलीही निसर्गातलीच आहे!

आमच्या वहीत काय निघालं

मोगरा सगळ्यांना आवडला, पण संध्याकाळी. दुपारी बाराला खुरपणीच्या वेळी लावला तेव्हा पाचजणींनी 'डोकं भणाणलं' असं लिहिलं. मोगऱ्याची कळीसुद्धा संध्याकाळीच उमलते, हे आमच्यातल्या एकीनं लक्षात आणून दिलं. गोड फुलांचे वास लावून मधमाश्यांच्या पोळ्याजवळ जाऊ नका, हीही सूचना वहीत आहे.

वाळा दिवसभराच्या कामाला सगळ्यात बरा ठरला. मातकट, गवताळ, मंद वास. सकाळी लावला तर संध्याकाळपर्यंत पदराला येत राहतो, कारण मुळांचा वास सावकाश उडतो. तिघींना मात्र तो 'औषधी' वाटला.

गुलाबावर मतं फुटली. म्हाताऱ्या बायकांना हवा, तरण्यांना नको. "लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं वाटतं," असं एकीनं लिहिलंय.

मातीचं अत्तर दीड-दोन तासांत उडालं. तरी पुढच्या आठवड्यात ते कुणी न्यायचं, यावरूनच सगळ्यात जास्त भांडण झालं.

लावावं कुठं आणि किती

उन्हाळ्यात थेंब अर्धा करा. कानामागे, मनगटाला किंवा कापसाचा फाया करून कानाच्या पाळीत, एवढं पुरे. पदराच्या आतल्या काठाला लावलं तर अंगाला त्रास कमी, पण रेशमी किंवा पांढऱ्या कपड्यावर तेलाचा डाग पडतो, तेव्हा आधी कोपऱ्यावर लावून बघा.

लिंबाच्या सालीचं तेल किंवा लिंबाच्या जातीचं अत्तर अंगाला लावून उन्हात जाऊ नका. त्यातल्या काही घटकांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. लिंबू पिळलेले हात न धुता उन्हात गेल्यावरही असं होऊ शकतं.

दुकानात 'सुगंधी तेल' म्हणून मिळणारा घट्ट अर्क थेट अंगाला लावायचा नसतो. दहा मिलिलिटर, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन-तीन थेंब, एवढंच प्रमाण. तान्ह्या बाळाला अत्तर नको, कापूर-निलगिरीही नको. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याला विचारून लावा.

स्पिरिटची फुसफुस बाटली चुलीजवळ, गॅसजवळ, देवघरातल्या समईजवळ कधीही उडवू नका. स्पिरिट भपकन पेटतं. उन्हात तापलेल्या गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत खिडकीपाशी बाटली ठेवू नका. कुठलंही अत्तर अंधारात, गार जागी ठेवा. प्रकाश आणि उष्णता यांनी ते खराब होतं.

आणि घामाचं काय? ताजा घाम बहुतेक वेळा बिनवासाचा असतो. त्यावर अंगावरचे जंतू वाढले की वास येतो. म्हणून घामट अंगावर अत्तर मारलं तर दोन वास एकत्र होतात, एकही जात नाही. आधी अंग धुवा, काख कोरडी करा, सुती कपडा घाला, मग अत्तर. आणि शेतात राबून आलेल्या बाईच्या घामाची लाज कुणी वाटून घेऊ नये. अत्तर हौसेसाठी आहे, कष्ट लपवण्यासाठी नाही.

घरी करता येईल असं

पैसे घालायचे नसतील तरी वास मिळतो. वाळ्याची मुळं काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. ती स्वच्छ धुऊन खडखडीत वाळवा आणि खोबरेल तेलात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. ओल राहिली तर बुरशी येते, तेवढं जपा.

मोगऱ्याचं फुलेल करायची जुनी रीत तर फार छान आहे. स्वच्छ, सडलेल्या तिळांचा एक थर आणि ताज्या मोगऱ्याचा एक थर असं परातीत लावायचं आणि झाकून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी कोमेजलेली फुलं काढून नवी घालायची. असं सात-आठ दिवस केलं की तीळ वास पितात. मग ते घाण्यावर नेऊन तेल काढायचं. चूल नको, यंत्र नको.

धंदा म्हणून विचार करणाऱ्या गटांसाठी

"पाच हजार भरा, अत्तराचा संच घ्या, घरी बाटल्या भरा, महिन्यात पैसे दुप्पट," असं सांगणारे लोक गटांकडे येतात. आमच्याकडेही एकजण आला होता. त्याला आम्ही परवान्याचं विचारलं, तर त्यानं चहाही पुरा घेतला नाही.

घरात वापरायला तेलात थेंब मिसळणं वेगळं आणि बाटलीवर नाव लावून विकणं वेगळं. अंगाला लावायचं अत्तर हे कायद्यानं सौंदर्यप्रसाधन आहे. ते बनवून विकायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. स्पिरिट वापरायचं तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचीही परवानगी लागते. हे कागद नसताना गटाचा पैसा गुंतवू नका. त्याऐवजी वाळ्याच्या जुड्या, कपाटात ठेवायच्या वाळ्याच्या पुरचुंड्या, मोगऱ्याची रोपं, गजरे यांनी सुरुवात करा. यात भांडवल कमी आणि माल डोळ्यांसमोर.

अत्तर सगळ्यांचं

शेवटी एक गोष्ट. आमच्या चौदाजणींत चौघी विधवा आहेत. वाटणीच्या पहिल्या दिवशी त्यातल्या दोघी मागे सरकल्या. "आम्हाला कशाला अत्तर, आमचं नाव नका लिहू," म्हणाल्या. पन्नास रुपये मात्र त्यांनी सगळ्यांआधी दिले होते! बारा वर्षांत एकीला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, की मोगऱ्याचं फूल हातात दिलं नव्हतं.

आम्ही त्या दिवशी भाषण केलं नाही. वहीत नावांची यादी वयाप्रमाणे लिहिली. त्यामुळे पहिली कुपी आपोआप त्यांच्यातल्याच एकीकडे गेली, मातीच्या अत्तराची. पुढच्या शुक्रवारी त्यांनी नोंद लिहून आणली: "रात्री निजताना लावलं. झोप चांगली लागली."

मैत्रिणींनो, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठराव कागदावर होतो, तो अंगणात उतरवायचा तर आपल्यालाच उतरवायला हवा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ज्यांना बोलावलं जात नाही, त्यांच्या हातावर अत्तराचं बोट लावायला कुठल्याही शास्त्राची परवानगी लागत नाही. यंदा आमच्या गटानं बोलावणं करताना 'हळदीकुंकू' हा शब्दच वगळला आणि 'पन्हं आणि अत्तर' असं सांगितलं. चौदाच्या चौदाजणी आल्या, शिवाय शेजारच्या वस्तीवरच्या सहा.

तुमच्या गटात असा प्रयोग करायचा असेल तर फार काही लागत नाही. दोन-तीन लहान कुप्या, एक वही आणि वयाप्रमाणे लिहिलेली यादी. काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात आपण उन्हाळ्यात धान्याला कीड लागू नये म्हणून काय करावं, ते बघू. तोवर उन्हात डोक्यावर पदर घ्या, पाणी पीत राहा. नमस्कार.